बायबल रोज वाचायचं, पण कसं? विश्वासूपणा शिकू पाहणाऱ्या नवख्यांसाठी मार्गदर्शन

‘रोज बायबल वाचा’ हा सल्ला सगळेच देतात. कुठून उघडायचं, किती वाचायचं आणि वाचून झाल्यावर त्याचं करायचं काय, हे मात्र क्वचितच कुणी नीट सांगतं. मग उत्साहाच्या भरात उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून सुरुवात होते आणि योसेफाच्या गोष्टीपर्यंत वाचन झरझर पुढे जातं. निर्गमाच्या उत्तरार्धात निवासमंडपाच्या (उपासनेच्या फिरत्या तंबूच्या) पडद्यांची मापं सुरू झाली की वेग मंदावतो आणि लेवीयातल्या होमार्पणांपाशी खूणपट्टी अडकते ती कायमची. मी बरीच वर्षं रोज वाचतोय, नव्याने वाचायला लागलेल्यांच्या सोबतही बसलोय. अडखळायच्या जागा जवळपास सगळ्यांच्या सारख्याच असतात. त्या आधीच ठाऊक असल्या तर बराच वैताग वाचतो.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. विश्वासूपणा शिकायला आपण बायबलमध्ये मोठे प्रसंग शोधत जातो: सिंहांची गुहा, अग्नीची भट्टी. ते आहेतच. पण हा गुण ज्या पानांवर जवळून पाहायला मिळतो ती बहुतेक पानं आडबाजूची आहेत. तिथे कुणीतरी पैसे मोजत असतं, कुणी तुरुंगात दिवस काढत असतं, कुणी दिलेला शब्द गुपचूप पाळत असतं. ही पानं सावकाश वाचायची सवय लागली की रोजच्या जगण्यातल्या प्रश्नांना दिशा मिळू लागते.

आधी काय काय जमवाल

- वाचायला सोपी वाटेल अशी एक प्रत, शक्यतो समासात किंवा तळाशी संदर्भवचनं दिलेली
- साधी वही आणि पेन्सिल (बायबलचा कागद पातळ असतो, शाई मागच्या बाजूला उमटते)
- ताडून पाहायला दुसरा एखादा अनुवाद. मोबाइलवर असला तरी चालेल
- प्राचीन इस्राएलाचा आणि प्रेषित पौलाच्या प्रवासांचा नकाशा, जो अनेक प्रतींच्या शेवटी असतोच
- जिला बिनधास्त प्रश्न विचारता येतील अशी एक व्यक्ती

जाडजूड भाष्यग्रंथ पहिल्याच दिवशी आणू नका. मूळ मजकूर राहतो बाजूला आणि आपण भाष्यच वाचत बसतो.

१. प्रत निवडा आणि तिची रचना समजून घ्या

प्रोटेस्टंट प्रतीत ६६ पुस्तकं असतात: जुन्या करारात ३९, नव्या करारात २७. रोमन कॅथलिक प्रतीत ७३ असतात. त्यामुळे मित्राच्या प्रतीत असलेलं एखादं पुस्तक आपल्या प्रतीत दिसलं नाही तर गोंधळून जाऊ नका.

अनुवाद निवडताना एक सोपी परीक्षा घ्या. रोमकरांस पत्राचा ८ वा अध्याय उघडा आणि मोठ्याने वाचा. दर दुसऱ्या वाक्याला मागे जावं लागत असेल तर त्याहून सोप्या भाषेतली प्रत घ्या. जुन्या, भारदस्त मराठीतली प्रत घरी असेल तर ती ताडून पाहायला ठेवा. तिचं सौंदर्य वेगळं असतं, पण पहिल्या वाचनाला ती दमवते.

पानावरचं सगळंच मूळ लेखकांनी लिहिलेलं नाही, हेही लक्षात असू द्या. उताऱ्यांवरची ठळक शीर्षकं संपादकांनी घातलेली असतात. आज वापरात असलेली अध्यायांची विभागणी १३ व्या शतकाच्या सुरुवातीची आहे आणि तिचं श्रेय सहसा इंग्लंडमधले आर्चबिशप स्टीफन लँग्टन यांना दिलं जातं. नव्या कराराला आजचे वचनांचे आकडे छापखानेवाले रोबेर एतिएन यांनी १५५१ मध्ये दिले. म्हणजे पौलाने पत्र लिहिलं तेव्हा त्यात ना अध्याय होते, ना वचनं. कधीकधी कापणी चुकीच्या जागी झालेली आहे: १ करिंथ ११ चं पहिलं वचन खरं तर १० व्या अध्यायाचा शेवट आहे. म्हणून अध्याय संपला की पुढची दोन-तीन वचनं पाहून मगच पुस्तक मिटावं.

मोबाइलवर वाचायला हरकत काहीच नाही. धोका फक्त ‘आजचं वचन’ या चौकटीचा. ते एक वाक्य वाचून झालं की वाचन झाल्यासारखं वाटतं.

२. पहिल्या पानापासून सुरुवात करू नका

पहिल्या पानापासून सुरू करायला बंदी नाही, पण नवख्या माणसासाठी तो कठीण रस्ता आहे. मी सुचवतो तो क्रम असा.

आधी मार्ककृत शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाची मार्कने लिहिलेली कथा. १६ अध्याय, चारही शुभवर्तमानांत सगळ्यांत छोटं. येशू कोण, काय करतो, शिष्य कसे पुन्हा पुन्हा गडबडतात हे त्यात थेट दिसतं.

मग रूथ. चारच अध्याय. यात चमत्कार नाही, आकाशवाणी नाही. एक विधवा सून आपल्या विधवा सासूला सोडून जायला नकार देते, एवढ्यावर गोष्ट उभी आहे. ‘तुमचे लोक ते माझे लोक, तुमचा देव तो माझा देव’ या आशयाचे तिचे शब्द (१:१६-१७, म्हणजे पहिला अध्याय, १६ ते १७ वचनं) सगळ्यांना पाठ असतात. त्यापुढे काय होतं तेही वाचा. सासू नामी काहीच बोलत नाही, नुसती गप्प होते. आणि दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीलाच रूथ शेतात सरवा वेचायला निघते. दिलेला शब्द लगेच घामाच्या कामात उतरतो. दुसरी सून अर्पा माघारी जाते. तिला मजकूर कुठेही दूषण देत नाही. आपणही देऊ नये.

त्यानंतर योसेफाची गोष्ट, उत्पत्ती ३७ ते ५०. मधला ३८ वा अध्याय योसेफाचा भाऊ यहूदा याचा आहे. तो चुकून घुसला असं समजून वगळू नका. पुढे ४४ व्या अध्यायात हाच यहूदा धाकट्या भावाच्या जागी स्वतः गुलाम व्हायला तयार होतो, आणि तो बदल ३८ वाचल्याशिवाय कळत नाही.

मग फिलिप्पैकरांस पत्र, एका बैठकीत. १०४ वचनं आहेत. पत्र जसं वाचतात तसं, सुरुवातीच्या नमस्कारापासून शेवटच्या निरोपापर्यंत.

याच्या जोडीला स्तोत्रसंहिता आणि नीतिसूत्रे थोडीथोडी चालू ठेवा. नीतिसूत्रांचे ३१ अध्याय असल्यामुळे तारखेप्रमाणे एकेक वाचण्याची पद्धत लोकप्रिय आहे आणि ती चालते. लेवीय टाळायचं नाही, फक्त मागे ठेवायचं. इब्री लोकांस पत्र वाचून झाल्यावर ते पुष्कळ उलगडतं.

३. वेळ ठरवा, मात्रा कमी ठेवा

६६ पुस्तकांत मिळून १,१८९ अध्याय आहेत. वर्षात संपवायचे तर रोज तीन-चार. स्कॉटलंडचे पाळक रॉबर्ट मरे मॅकशेन यांनी १८४२ मध्ये आपल्या मंडळीसाठी अशी एक योजना आखली होती, ती आजही वापरली जाते. रोज चार अध्याय. वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. मला त्यांच्याविषयी आवडलेली गोष्ट ही की योजनेसोबतच त्यांनी तिचे धोकेही लिहून दिले: वाचन नुसता उपचार होऊन बसेल, खुणा पुऱ्या झाल्या म्हणून स्वतःविषयी समाधान वाटू लागेल, घाईघाईत वरवर वाचलं जाईल, आणि काहींना तर ते ओझंच होईल.

नवख्याला हे चारही धोके पहिल्याच महिन्यात भेटतात. म्हणून सुरुवातीला एक अध्याय, किंवा त्यातला एकच प्रसंग. जागा एक, वेळ एक. सकाळच हवी असं नाही. डोकं ताजं असेल ती वेळ. वाचण्याआधी छोटी प्रार्थना करा आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

४. प्रत्येक उताऱ्याला हे चार प्रश्न विचारा

1. कोण बोलतंय, कुणाशी, कोणत्या परिस्थितीत?
2. देव कसा आहे, असं इथे दिसतं?
3. माणसं काय करतात, आणि त्याची झळ कुणाला बसते?
4. माझ्या आजच्या दिवसात याला जागा कुठे आहे?

क्रम बदलू नका. चौथा प्रश्न आधी घेतला की उताऱ्यातून आपलाच आवाज ऐकू येतो.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. मुद्दाम फारसा कुणी न वाचणारा अध्याय घेतलाय: २ राजे १२.

योवाश राजाचा काळ. मंदिराची पडझड झालीय. लोकांकडून येणारा पैसा याजकांनी घ्यायचा आणि डागडुजी करायची असं ठरलेलं. पण राजाच्या कारकिर्दीचं तेविसावं वर्ष उजाडलं तरी काम झालेलं नाही. राजा जाब विचारतो. मग यहोयादा याजक एक पेटी घेतो, तिच्या झाकणाला भोक पाडतो आणि ती वेदीशेजारी, आत येणाऱ्याच्या उजव्या हाताला ठेवतो. पेटीत पुष्कळ पैसा साठला की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक येतात, दोघं मिळून तो मोजतात, थैल्यांत बांधतात आणि देखरेख करणाऱ्यांच्या हाती देतात. तिथून तो सुतार, गवंडी, पाथरवट यांच्याकडे जातो, लाकूड आणि घडीव दगड यांच्यासाठी खर्च होतो. आणि मग १५ व्या वचनात एक बारीकशी नोंद येते: ज्यांच्या हाती कारागिरांना द्यायचा पैसा सोपवला त्यांच्याकडून हिशेब मागत नसत, कारण ती माणसं प्रामाणिकपणे वागत.

पहिला प्रश्न सोपा आहे, हा राजांचा इतिहास आहे. दुसऱ्या प्रश्नाला इथे थेट उत्तर नाही. देव या प्रसंगात बोलतच नाही. असं झालं की ओढूनताणून काहीतरी लिहू नका. ‘इथे देव गप्प आहे’ एवढंच लिहा. तिसऱ्याशी मात्र थांबावं. या देखरेख करणाऱ्यांची नावं कुणी नोंदवली नाहीत. राजाचं नाव आहे, आणि त्याच अध्यायात १८ व्या वचनात तोच राजा चालून आलेल्या अरामाच्या राजा हजाएलाला माघारी फिरवण्यासाठी मंदिराच्या भांडारातलं सोनं आणि अर्पण केलेल्या वस्तू काढून देतो. ज्याचं नाव मोठं त्याने भांडार रिकामं केलं. ज्यांची नावंच नाहीत त्यांचा हिशेब चोख होता.

आणखी एक. भरवशाच्या माणसांकडून हिशेब मागितला नाही हे खरं, पण पेटी उघडताना मोजणारे दोघं होते. चोख व्यवस्था आणि माणसावरचा विश्वास, दोन्ही एकाच अध्यायात सुखाने नांदतात. ‘माझ्यावर भरवसा नाही का?’ असं म्हणून हिशेब टाळणाऱ्याला या अध्यायाचा आधार घेता येणार नाही.

चौथा प्रश्न: दुसऱ्याचा पैसा आज माझ्या हातात कुठे आहे? कामावरच्या खर्चाची पावती, मित्राने सोपवलेली रक्कम, संस्थेची वर्गणी. वहीत एक ओळ लिहा, आणि ती करता येण्याजोगी असू द्या. ‘मी प्रामाणिक होईन’ असं लिहून काही होत नाही. ‘राहिलेली पावती आज संध्याकाळपर्यंत देईन’ असं लिहिलं तर होतं.

५. वचन त्याच्या जागेवरून उचलू नका

बहुतेक गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा तपशिलात.

*यिर्मया २९:११.* तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, तुम्हाला चांगलं भवितव्य देणारे आहेत, असं देव सांगतो. परीक्षेच्या निकालापासून व्हिसापर्यंत सगळीकडे हे वचन लावलं जातं. हे एका पत्रातलं वाक्य आहे. यरुशलेमेतून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना ते लिहिलंय, आणि आदल्याच वचनात सत्तर वर्षं लागतील असं स्पष्ट म्हटलंय. पत्र ऐकणाऱ्या मोठ्या माणसांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. मग तोवर करायचं काय? ५ ते ७ वचनं वाचा: घरं बांधा, बागा लावा, लेकरांची लग्नं करा, ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याचं भलं इच्छा आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा. एवढं वाचल्यावर ११ वं वचन लहान होत नाही, उलट अधिक वजनदार होतं. पण ‘या महिन्यात काम होईल’ असा त्याचा अर्थ उरत नाही.

*ईयोब ८:७.* तुझा आरंभ लहान असला तरी शेवट फार मोठा होईल. भिंतीवर लावायला छान वाक्य. पण बोलणारा आहे बिल्दद, दुःखात सापडलेल्या ईयोबाच्या मित्रांपैकी एक. आणि ४२:७ मध्ये देव या मित्रांविषयी म्हणतो की ते आपल्याविषयी यथार्थ बोलले नाहीत. ईयोबाच्या पुस्तकातलं कुठलंही वाक्य घेताना आधी बोलणारा कोण ते पाहायचं. मत्तय ४:६ मध्ये तर सैतानच स्तोत्र ९१ मधली वचनं म्हणून दाखवतो.

*विलापगीत ३:२२-२३.* देवाची दया रोज सकाळी नवी होते, त्याचा विश्वासूपणा मोठा आहे. हे वचन उचलून घेतलं तरी खोटं ठरत नाही, पण आजूबाजूची वचनं वाचल्यावर ते कुठून आलंय ते कळतं. इ. स. पू. ५८६ च्या सुमारास यरुशलेम पडलं, मंदिर जळालं, त्या उद्ध्वस्त नगरासाठी केलेला हा शोक आहे. याच अध्यायात सहा-सात वचनं आधी कवी म्हणतो की देवाने खड्यांनी माझे दात पाडले. आणि पुस्तक आनंदात संपत नाही. तू आम्हाला अगदीच टाकून दिलंस का, अशा सुरात संपतं. दुःखात असलेल्या माणसाला हे वचन पाठवताना एवढं ध्यानात ठेवलं तर ते उपदेशासारखं लागत नाही.

*डोळे मिटून पान उघडणं.* ही सवय अनेकांना असते आणि संत ऑगस्टीन यांचा दाखला दिला जातो. ३८६ मध्ये मिलानच्या एका बागेत त्यांनी ‘घे, वाच’ असा आवाज ऐकला, पौलाची पत्रं उघडली, रोम १३:१३-१४ समोर आलं आणि आयुष्य पालटलं. प्रसंग खरा म्हणूनच त्यांनी स्वतः लिहून ठेवलाय. पण त्याआधी ते बिशप अँब्रोझ यांची प्रवचनं ऐकत होते आणि पौलाची पत्रं वाचत होते. ज्या मातीत ते वचन पडलं ती आधीच नांगरलेली होती. नियमित न वाचता पान उघडून कौल मागणं म्हणजे दुसरंच काहीतरी.

*गोष्ट म्हणजे आज्ञा नव्हे.* शास्ते ११ मध्ये इफ्ताह बेफिकीर नवस बोलतो आणि तो फेडतो. किंमत त्याची मुलगी देते. शब्द पाळला म्हणून हा विश्वासूपणाचा धडा ठरत नाही. बायबल माणसं जशी होती तशी दाखवतं, बरेचदा शेरा न मारता.

*नीतिसूत्रं म्हणजे हमीपत्र नव्हे.* २६:४ म्हणतं मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको. २६:५ म्हणतं दे. दोन्ही शेजारी मुद्दाम ठेवलेली आहेत. कुठलं कधी, ते ठरवण्यासाठीच शहाणपण लागतं.

६. विश्वासूपणाचे धडे कुठे सापडतील

खालचे उतारे मी नवख्यांना देतो. एका आठवड्यात उरकण्यासारखे नाहीत.

योसेफ, उत्पत्ती ३९ ते ४१. वयाच्या १७ व्या वर्षी त्याची गोष्ट सुरू होते, मिसरचा राजा फारो याच्यापुढे तो उभा राहतो तेव्हा ३० चा असतो. मधली तेरा वर्षं गुलामी आणि तुरुंग. ३९ व्या अध्यायात परमेश्वर योसेफाबरोबर होता हे पुन्हा पुन्हा येतं, मालक पोटीफराच्या घरातही आणि तुरुंगातही. खरं वागल्याचं बक्षीस म्हणून त्याला तुरुंग मिळाला, हे वाचताना घाईने पुढच्या राजवाड्याकडे पळू नका. ४० व्या अध्यायाचं शेवटचं वचन तुरुंगातून सुटलेला फारोचा प्यालेबरदार त्याला विसरला असं सांगतं, आणि पुढचा अध्याय उघडतो तोच पूर्ण दोन वर्षांनी.

उरीया, २ शमुवेल ११. हा अध्याय राजा दावीद आणि उरीयाची बायको बथशेबा यांचा म्हणून ओळखला जातो. एकदा तो उरीयासाठी वाचा. हित्ती माणूस, म्हणजे मूळचा परका. राजा त्याला घरी जायला सांगतो. कराराचा कोश (देवाच्या आज्ञांची पवित्र पेटी) आणि सैन्य तंबूंत असताना मी घरी जाऊन खाऊपिऊ कसा, असं तो म्हणतो. शेवटी स्वतःच्या मृत्यूची चिठ्ठी तो स्वतःच सेनापतीकडे नेतो. त्याच्या निष्ठेने त्याचा जीव वाचला नाही. इब्री ११ मध्येही सिंहांची तोंडं बंद करणाऱ्यांच्या पाठोपाठच हालहाल होऊन मेलेल्यांची यादी आहे. निष्ठावंताचं सगळं भलंच होतं असं कुणी सांगू लागला तर हे दोन उतारे पुढे ठेवा.

दानीएल ६. सिंहांच्या गुहेच्या आधीची, म्हणजे पहिली दहा वचनं महत्त्वाची. शत्रू त्याच्या कारभारात खोट शोधतात, सापडत नाही. प्रार्थनेवर बंदीचा हुकूम निघाल्यावर तो दिवसातून तीनदा प्रार्थना करतो, ‘पूर्वीप्रमाणेच’. संकट आलं म्हणून नवं काही सुरू केलं नाही, चालू होतं ते थांबवलं नाही.

मत्तय २५:१४-३०. पाच तालान्त (तालान्त म्हणजे मोठी रक्कम) मिळालेल्याला आणि दोन मिळालेल्याला धनी जी शाबासकी देतो ती ताडून पाहा (२१ आणि २३). शब्द तेच आहेत. जोडीला लूक १६:१०, थोडक्याविषयी विश्वासू तो पुष्कळाविषयीही विश्वासू.

नीतिसूत्रे २५:१९. संकटकाळी विश्वासघातक्यावर ठेवलेला भरवसा म्हणजे किडका दात आणि लचकलेला पाय. ज्याचा दात दुखलाय त्याला यावर भाष्य नको.

इथेच एक धोक्याची सूचना. ‘विश्वासू राहा’ ही शिकवण कधीकधी मारहाण किंवा छळ सोसणाऱ्या माणसाला गप्प बसवायला वापरली जाते. अशा वेळी १ शमुवेल १९ आणि २४ एकत्र वाचा. शौल राजा भाला फेकतो तेव्हा दावीद (जो पुढे राजा झाला) त्याच रात्री पळून जातो. पुढे एन-गेदीच्या गुहेत शौल तावडीत सापडतो तेव्हा तो त्याच्या झग्याचा काठ तेवढा कापतो, जीव घेत नाही. निष्ठा राखली आणि भाल्याच्या टप्प्यातही राहिला नाही. पळून जाणं हा विश्वासघात आहे असं मजकूर कुठेही म्हणत नाही.

७. निर्णय घ्यायचा असेल तेव्हा

नोकरी बदलू का, या शहरात राहू का, अमक्याशी लग्न करू का? नाव-गाव घालून असं उत्तर बायबलमध्ये मिळणार नाही. गिदोनासारखी लोकर पसरून खूण मागायचा मोह होतो (शास्ते ६:३६-४०). पण गिदोनाला काय करायचं ते आधीच स्पष्ट सांगितलेलं होतं. लोकर त्याच्या घाबरटपणाची आहे, देवाने ती सोसली.

त्यापेक्षा नहेम्याची पहिली दोन प्रकरणं धरून चला. नहेम्या पारसाच्या राजाचा प्यालेबरदार. किसलेव महिन्यात त्याला यरुशलेमेच्या पडक्या तटाची बातमी कळते. तो रडतो, उपास करतो, प्रार्थना करतो. राजापुढे विषय निघतो तो नीसान महिन्यात, म्हणजे सुमारे चार महिन्यांनी. राजाने ‘तुझी मागणी काय?’ म्हणून विचारल्यावर तो मनातल्या मनात प्रार्थना करतो आणि लगेच नेमकं मागतो: अधिकाऱ्यांच्या नावे पत्रं आणि तुळयांसाठी लाकूड. प्रार्थना करताकरता त्याने हिशेबही करून ठेवला होता. यरुशलेमेत पोचल्यावर तीन दिवस थांबतो, मग थोडी माणसं घेऊन रात्री तट फिरून पाहतो, आणि त्यानंतरच लोकांना सांगतो.

म्हणजे निर्णयासाठी वहीचं एक वेगळं पान ठेवा. रोजच्या वाचनातून त्या विषयाला लागू पडणारं काही दिसलं तर तारखेसह तिथे उतरवा. काही आठवडे जाऊ द्या. त्या पानावरचं लिखाण सगळं एकाच बाजूचं, म्हणजे आपल्याला हव्या त्या बाजूचं दिसत असेल तर सावध व्हा. आणि नीतिसूत्रे १५:२२ सांगतं तसं जाणत्या माणसांना विचारा. तुम्हाला ‘नाही’ म्हणू शकेल असं निदान एक माणूस त्यात असू द्या.

८. आपणच शब्द मोडला असेल तर

विश्वासूपणाविषयी वाचताना स्वतःचं उणेपण टोचणारच. त्या दिवशी वाचन थांबवू नका. लूक २२:३१-३४ आणि ५४-६२ वाचा, मग योहान २१. शिष्य पेत्र आपल्याला नाकारणार, ओळखत नाही म्हणणार, हे येशूला ठाऊक होतं. तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी प्रार्थना केली आहे, असं तो आधीच सांगतो. योहानाने एक तपशील टिपलाय: पेत्र नाकारतो तेव्हा कोळशाच्या विस्तवाजवळ शेकत उभा असतो (१८:१८), आणि किनाऱ्यावर येशू त्याला पुन्हा भेटतो तिथेही कोळशाचा विस्तव पेटलेला असतो (२१:९). तिथे ‘का नाकारलंस?’ असा प्रश्न येत नाही. ‘माझ्यावर प्रीती करतोस काय?’ असा तीनदा येतो, आणि दरवेळी मेंढरं सांभाळायचं काम दिलं जातं. २ तीमथ्य २:१३ याच्या शेजारी लिहून ठेवा: आपण अविश्वासू झालो तरी तो विश्वासू राहतो.

ज्याचा शब्द मोडला त्या माणसाकडे जाणं मात्र आपल्यालाच करावं लागतं. वाचनाने ते टळत नाही.

९. एकट्याने वाचा आणि कुणासोबतही वाचा

आठवड्यातून एकदा कुणाबरोबर तरी बसा: मित्र, घरचं माणूस, मंडळीतला छोटा गट. दोघांनी तोच उतारा वाचलेला असावा. एकमेकांना ‘तुला काय वाटलं?’ हे तर विचाराच, आणि ‘हे कुठल्या वचनात दिसलं?’ हेही विचारा. दुसऱ्या प्रश्नाने बऱ्याच हवेतल्या गोष्टी जमिनीवर येतात. न कळलेल्या वचनांची यादी वहीच्या मागच्या पानावर करा आणि पाळकांना किंवा जाणत्या माणसाला थेट दाखवा. लगेच उत्तर न देता ‘पाहून सांगतो’ म्हणणारा माणूस भेटला तर त्याला सोडू नका.

खंड पडतोच. आजारपण, प्रवास, कंटाळा. पडला की राहिलेले अध्याय दुप्पट वेगाने भरून काढायला जाऊ नका; त्यातच लोक कायमचे सुटतात. चालू पुस्तकात जिथे खूणपट्टी आहे तिथला आधीचा एक प्रसंग पुन्हा वाचा, म्हणजे धागा सापडेल. मग वहीत शेवटच्या नोंदीखाली आजची तारीख घालून पहिल्या प्रश्नापासून सुरू करा.